साडेतीन हजार किलोमीटरची वाट कोण झाडतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं किंवा ज्यांचे इअरफोन आज घरीच राहिलेत, त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर. बोलताना जिथे अडखळले ती वाक्यं जरा नीट केलीयेत, बाकी सगळं आहे तसंच.

सुरुवात एका फोनने करते. २०२४ चा ऑक्टोबर. मी कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत, व्हर्जिनियात होते. रविवारी रात्री आईचा फोन.

“काय गं, शनिवार-रविवार काय केलंस?”

“जंगलात चर साफ केले.”

“काय केलंस?”

“अगं, डोंगरातल्या पायवाटेवरचे चर. पाचोळा काढला, माती उपसली.”

“पैसे किती देतात?”

“काही नाही. डबासुद्धा आपणच न्यायचा.”

पलीकडे जरा वेळ शांतता. मग आई म्हणाली, “इथे गच्चीवरची पन्हळ साफ कर म्हणून तीन वर्षं सांगत होते तुला.”

मुद्दा बरोबर होता. पण ज्या पायवाटेवर मी फावडं मारत होते, तिची गोष्ट शंभर वर्षांची आहे आणि तीच आज सांगायचीये. ॲपलाचियन ट्रेल. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या डोंगररांगेवरून दक्षिणेतल्या जॉर्जियापासून उत्तरेतल्या मेनपर्यंत जाणारी, १४ राज्यांतून जाणारी, सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट. पुण्याहून सरळ रेषेत काश्मीरला जाऊन परत यायला निघालात तर साधारण तेवढं होईल. आणि ही वाट मुख्यतः सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या, फुकट काम करणाऱ्या लोकांनी आखली आणि आजही तेच ती राखतात.

मी तिथे का गेले, ते आधी सांगायला हवं. ही गोष्ट मी आजवर पॉडकास्टवर सांगितलेली नाही.

बी.टेक.च्या तिसऱ्या वर्षाला असताना आम्ही पाच जण सह्याद्रीतली एक जुनी घाटवाट उतरलो. नाव मुद्दाम सांगत नाही. गाडीरस्ता झाल्यावर गावकऱ्यांनी सोडून दिलेली, कारवीत हरवलेली वाट. वरच्या गावातल्या एका मामांना बरोबर घेतलं, त्यांनी कोयत्याने कारवी तोडत आम्हाला नाळेतून खाली कोकणात सोडलं. मी मोबाइलवर जीपीएस ट्रॅक रेकॉर्ड केला, घरी येऊन तो अपलोड केला आणि खाली मोठ्या ऐटीत लिहिलं: ‘हा ट्रॅक घ्या, वाटाड्याची गरज नाही.’ लोकांनी तो भरपूर उतरवून घेतला. कॉमेंट आल्या, मला कोण आनंद झाला!

दोन पावसाळ्यांनंतर त्या नाळेत दरड आली. ट्रॅकमध्ये अर्थातच ती आली नाही. एक ग्रुप माझी निळी रेघ बघत बघत कड्यावर पोचला आणि रात्रभर तिथे अडकला. सकाळी गावातल्या लोकांनी त्यांना खाली आणलं, त्यातल्या एकाचा घोटा मोडला होता. त्याने मला मेसेज केला, शिवी वगैरे काही नाही, एवढंच लिहिलं की तुमचा ट्रॅक बघून गेलो होतो. मी ट्रॅक डिलीट केला. उत्तर दिलं नाही.

आता शंभर वर्षं मागे जाऊ.

बेंटन मकाय हा हार्वर्डमध्ये वनशास्त्र शिकलेला माणूस. सरकारी वनखात्यात, मग कामगार खात्यात नोकरी केलेली. डोक्याने मात्र कल्पनांचा माणूस. त्याची बायको जेसी स्त्रियांच्या मताधिकारासाठी आणि युद्धाविरुद्ध काम करायची. एप्रिल १९२१ मध्ये तिने आयुष्य संपवलं. मकाय पार कोलमडला. एका संपादक मित्राने त्याला न्यू जर्सीतल्या आपल्या शेतघरी राहायला बोलावलं आणि त्या उन्हाळ्यात तिथे बसून त्याने एक लेख लिहिला. ऑक्टोबर १९२१ मध्ये तो छापून आला, तोही वास्तुरचनाकारांच्या एका मासिकात.

लेखात त्याने एक राक्षस कल्पिला होता. तो डोंगरमाथ्यावरून चालत जातो आणि खाली त्याला एकीकडे जंगल, दुसरीकडे कोंदटलेली शहरं दिसतात. मकायचं म्हणणं असं की या माथ्यावरून एक लांब वाट काढू, मुक्कामाला निवारे बांधू, आणि वाटेच्या आधाराने छोट्या वस्त्या आणि शेतीची शिबिरं उभी राहतील, जिथे कारखान्यांत पिचलेले लोक येऊन श्वास घेतील. म्हणजे त्याच्या दृष्टीने पायवाट ही सुरुवात होती, खरा बेत समाजच बदलायचा होता. आमच्या भाषेत सांगायचं तर भन्नाट डिझाइन डॉक्युमेंट, कोड शून्य ओळी.

पण कल्पना लोकांना भावली. न्यूयॉर्कच्या एका संध्याकाळच्या दैनिकात रेमंड टोरी नावाचा पत्रकार भटकंतीचा स्तंभ लिहायचा. त्याने ती उचलून धरली, आणि तो आणि त्याचे भटके सोबती स्वतः कुऱ्हाडी घेऊन निघाले. ७ ऑक्टोबर १९२३ ला न्यूयॉर्कजवळच्या बेअर माउंटनमधला पहिला टप्पा खुला झाला. १९२५ च्या मार्चमध्ये वॉशिंग्टनला परिषद भरली, संस्था स्थापन झाली, भाषणं झाली. आणि मग काय? दोन-तीन वर्षं फारसं काही हललं नाही. (हा अनुभव आपल्याकडच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपला नवा नाही.)

मग येतो मायरन एव्हरी. मूळचा मेनचा, वॉशिंग्टनमध्ये समुद्री कायद्याचा सरकारी वकील, विशीतच. हट्टी, फटकळ, पत्रांवर पत्रं लिहून लोकांना भंडावून सोडणारा. १९२७ मध्ये त्याने मूठभर लोकांबरोबर पोटोमॅक ॲपलाचियन ट्रेल क्लब काढला. शनिवारी दुपारी ऑफिस सुटलं की डोंगरात जायचं, झुडपं तोडायची, झाडांवर खुणा करायच्या. १९३१ मध्ये तो सगळ्या ट्रेलचा अध्यक्ष झाला आणि १९५२ पर्यंत राहिला. जिथे क्लब नाही तिथे जाऊन लोक गोळा करायचे, क्लब उभा करायचा, त्यांना वाटेचा एक तुकडा नेमून द्यायचा, ही त्याची पद्धत.

त्याचा एक फोटो प्रसिद्ध आहे. मेनमधल्या कटाडिन शिखरावर एव्हरी उभा आहे, आणि सोबत सायकलचं एक चाक. त्या चाकाला फेरे मोजणारं यंत्र. चाक ढकलत तो वाट मोजायचा आणि वहीत लिहायचा: इथे झरा, इथे डावीकडे वळण, इथे पडकं कुंपण. १९३६ पर्यंत तुकड्यातुकड्यांनी त्याने अख्खी वाट चालून मोजली, आणि असं करणारा तो पहिला माणूस ठरला. मला मकायबद्दल कणव वाटते, पण प्रेम या चाकवाल्या माणसाबद्दल वाटतं, हे कबूल करते.

दोघांचं भांडण झालंच. व्हर्जिनियात शेनान्डोआच्या माथ्यावरून सरकारने मोटाररस्ता बांधायला घेतला, स्कायलाइन ड्राइव्ह. तो बऱ्याच ठिकाणी पायवाटेच्या अंगावरच येत होता. मकाय म्हणाला, माथ्यावर मोटारी आल्या तर या वाटेला अर्थच काय उरला? एव्हरी म्हणाला, रस्ता होणारच आहे, सरकारशी भांडून वाट तुटेल, त्यापेक्षा बाजूने नवी वाट काढून घेऊ. दोघांत कडवट पत्रं गेली. मकाय बाजूला झाला. १९३५ मध्ये रानं रानच राहावीत म्हणून ‘वाइल्डरनेस सोसायटी’ स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत तो होता. दोघांचं पुन्हा कधी जमलं नाही.

कोण बरोबर होतं? मी त्या वाटेवर काम करताना खालून गाड्यांचा आवाज येत होता, तेव्हा मकाय आठवला. पण मी तिथे पोचले होते त्याच रस्त्याने, मित्राच्या गाडीतून. तेव्हा मी न्याय देणारी कोण!

१४ ऑगस्ट १९३७ ला मेनमधला शेवटचा तुकडा जोडला गेला. बेकार तरुणांना काम देण्यासाठी सरकारने काढलेल्या तुकडीने तो पुरा केला. जॉर्जिया ते मेन, सुमारे दोन हजार मैल, सलग.

गोष्ट इथे संपायला हवी ना? पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९३८ मध्ये, मोठं चक्रीवादळ आलं आणि ईशान्येकडची जंगलंच्या जंगलं वाटेवर आडवी झाली. दक्षिणेत ब्लू रिज पार्कवे या नव्या रस्त्याने वाटेचा मोठा तुकडा गिळला. मग महायुद्ध. तरुण लढायला गेले, उरलेल्यांना पेट्रोल मोजून मिळायचं. शनिवारी डोंगरात जाणार कसं? सात-आठ वर्षं पुरली. झुडपं आली, खुणा पुसल्या, वाट नकाशावर तशीच राहिली आणि जमिनीवरून गेली. ती पुन्हा सलग व्हायला १९५१ साल उजाडलं. एव्हरीने १९५२ मध्ये अध्यक्षपद सोडलं आणि त्याच उन्हाळ्यात, वयाच्या ५२ व्या वर्षी, तो गेला.

या मधल्या मोडक्या काळातच अर्ल शॅफर नावाचा युद्धावरून परतलेला सैनिक एकटा निघाला. त्याचा लहानपणापासूनचा भटकंतीचा मित्र इवो जिमाच्या लढाईत मारला गेला होता. डोक्यातलं युद्ध चालून चालून काढून टाकायचं, असं त्याच्या मनात होतं. १९४८ मध्ये १२४ दिवसांत त्याने एका दमात सगळी वाट पार केली. संस्थेतल्या लोकांचा आधी विश्वासच बसेना! वाट बांधणाऱ्यांना स्वतःला वाटत होतं की ही सलग कुणी चालूच शकणार नाही. त्याने डायरी दाखवली, स्लाइड्स दाखवल्या, तेव्हा पटलं.

आणि एमा गेटवुड. ओहायोची शेतकरीण, ११ मुलांची आई, नवऱ्याचा मार खात वर्षानुवर्षं संसार केलेली आणि शेवटी त्याच्यापासून सुटलेली. १९४९ च्या एका प्रसिद्ध मासिकात तिने या वाटेचं रंगीत वर्णन वाचलं: छान आखलेली वाट, मुक्कामाला नीटनेटके निवारे. १९५५ मध्ये ६७ व्या वर्षी ती निघाली. पायात कापडी बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली पिशवी, तंबू नाही. आणि प्रत्यक्षात काय? जळालेले, पडके निवारे, आडवी झाडं, खुणा गायब. ती पोचली, एका हंगामात एकटीने पूर्ण वाट चालणारी पहिली बाई म्हणून पेपरवाले तिच्या मागे लागले, आणि तिने वाटेच्या अवस्थेबद्दल त्यांना सरळ सुनावलं. नंतर ती वाट आणखी दोनदा पूर्ण केली, हे वेगळंच.

हे वाचताना मी थांबले होते. मासिकातलं ते वर्णन आणि माझं ‘वाटाड्याची गरज नाही’ यात फरक किती? जाहिरात वाटेच्या पुढे धावली होती. एमाचं नशीब आणि चिवटपणा, म्हणून ती पोचली.

पुढचा कायदेशीर भाग पटकन सांगते. वाटेचा बराच भाग खासगी जमिनीतून, मालकाच्या तोंडी परवानगीवर जायचा. जमीन विकली की वाट गेली, मग डांबरी रस्त्याच्या कडेने चाला. अखेर २ ऑक्टोबर १९६८ ला, म्हणजे गांधीजयंतीलाच, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी राष्ट्रीय ट्रेल कायद्यावर सही केली. १९७८ च्या दुरुस्तीनंतर जमिनी विकत घ्यायला खरा पैसा मिळाला. आज ९९ टक्क्यांहून जास्त वाट संरक्षित जमिनीवर आहे. मला सगळ्यात आश्चर्याचं वाटतं ते १९८४ साल. सरकारने जमीन विकत घेतली आणि तिची व्यवस्था बघायचं काम रीतसर करार करून त्या बिनसरकारी संस्थेकडे आणि तिच्या व्हॉलंटियरांकडे सोपवलं. आपल्याकडे असं होईल का, हा वाद कॉमेंटमध्ये घाला, मी वाचीन.

आता तो शनिवार. एव्हरीनेच काढलेला पोटोमॅक क्लब आज ट्रेलचे सुमारे २४० मैल बघतो. त्यांच्या कामाच्या दिवसाला कुणीही जाऊ शकतं. पांढरी हेल्मेटं, हातमोजे, गाडीच्या डिकीत कुदळी, फावडी, करवती. आमचे प्रमुख सत्तरीच्या पुढचे, निवृत्त. तिथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात. माझी जीभ काही वळेना, मी मनातल्या मनात त्यांना काका म्हणत राहिले. वाटेचा सव्वा मैलाचा एक तुकडा त्यांच्या नावावर. वीस वर्षं.

काकांनी पहिल्यांदा काय दाखवलं, तर वाटेत तिरपा गाडलेला एक ओंडका. मला वाटलं, पायरी आहे. ती पायरी नव्हतीच. उतारावरून पाणी वाटेवर येतं आणि वाटेचाच ओढा करून टाकतं. ओंडका तिरका असला की पाणी त्याला अडून बाजूला निघून जातं. पण बाजूच्या चरात पाचोळा साठला की पाणी ओंडक्यावरून उडी मारतं आणि खालची माती घेऊन जातं. दोन हिवाळ्यांत वाटेची घळ होते. म्हणून पानगळीत चर उपसायचे. माझे आजोबा पावसाआधी शेताच्या बांधाला नेमकं हेच करायचे, तोंड उघडून द्यायचे. ते म्हणायचे, पाण्याला वाट दिली नाहीस तर ते तुझी वाट लावतं.

मग करवत. तिथल्या रानाचा काही भाग असा राखीव आहे की तिथे इंजिनाची करवत चालत नाही. आडवं पडलेलं झाड दोघांनी दोन टोकांना धरायच्या लांब करवतीने कापायचं. मी जोर लावून ढकलत होते आणि पातं वाकत होतं. काका म्हणाले, ढकलू नकोस, फक्त ओढ, परत न्यायचं काम समोरच्याचं. दहा मिनिटांनी लय सापडली. चाळीस मिनिटांनी झाड तुटलं. माझे खांदे मंगळवारपर्यंत दुखत होते.

आणि खुणा. दोन इंच रुंद, सहा इंच उंच, पांढऱ्या रंगाचा उभा पट्टा. एकावर एक दोन पट्टे असले की वळण आहे, सावध. अख्ख्या वाटेवर असे १,६५,००० च्या आसपास पट्टे आहेत. झाड वाढतं, साल फाटते, पट्टा फाटतो, मग कुणीतरी डबा-ब्रश घेऊन येतं. मी सात रंगवले.

डबा खाताना सगळे एकच बोलत होते. दोनच आठवड्यांपूर्वी हेलेन चक्रीवादळाने दक्षिणेकडे नॉर्थ कॅरोलायना, टेनेसीत धुमाकूळ घातला होता. हजारो झाडं वाटेवर, दरडी, टेनेसीत नोलिचकी नदीवरचा पूल वाहून गेलेला. शेकडो किलोमीटर वाट बंद. काकांची तिकडे जाणाऱ्यांच्या यादीत नाव घालायची घाई चालली होती. मी विचारलं, एवढं सगळं पुन्हा? ते म्हणाले, ३८ सालीपण पुन्हाच केलं होतं. जणू तेव्हा ते स्वतः होते.

मग मी त्यांना माझ्या ट्रॅकची गोष्ट सांगितली. का, माहीत नाही. अनोळखी माणसाला सोपं जातं. त्यांनी सहानुभूती वगैरे दाखवली नाही. त्यांनी विचारलं, “तो तुकडा आता कोणाकडे आहे?”

मी म्हटलं, कोणाकडेच नाही.

“आणि डिलीट केल्यावर लोक जायचे थांबले?”

थांबले नव्हते. उतरवून घेतलेली फाइल एकाकडून दुसऱ्याकडे फिरतच होती. मी माझ्यापुरती सुटले होते, एवढंच.

प्रसिद्धीचं काम तिथले लोक कसं करतात, तेही बघितलं. १९९८ मध्ये बिल ब्रायसनचं या वाटेवरचं पुस्तक गाजलं, पुढे सिनेमा आला, गर्दी वाढली. आता दरवर्षी तीन हजारांहून जास्त जण पूर्ण वाट चालायला निघतात, साधारण चारांतला एक पोचतो. वसंतात सगळे जॉर्जियातून एकदम निघाले की निवारे आणि संडास ओसंडतात. म्हणून संस्था आता निघायची तारीख आधी नोंदवा, गर्दीचे दिवस टाळा, मधूनच सुरू करा, असं सांगत असते. कुठला टप्पा बंद आहे, कुठे पूल नाही, कुठे अस्वल त्रास देतंय, ही रोजची माहिती. ‘या, या’ म्हणण्याइतकंच ‘आज इथे येऊ नका’ हेही प्रचारातच मोडतं. हजारो लोक मिळून वर्षाला दोन लाखांच्या आसपास तास फुकट काम करतात, त्यातले कित्येक तास असे लॅपटॉपसमोरचे असतात.

मी मार्चमध्ये पुण्याला परत आले. मे महिन्यात त्या गावात गेले, मामांना शोधलं. ते अजून धडधाकट आहेत. मी सगळं सांगितलं. त्यांना त्या रात्रीचं माहीत होतंच, कड्यावरून पोरांना उतरवणाऱ्यांत ते स्वतः होते. म्हणाले, “तेव्हाच फोन केला असतास तर वरच्या फाट्यावर काट्या टाकून वाट बंद केली असती ना पोरी.” एवढं सोपं होतं.

त्या घोटा मोडलेल्या मुलालाही लिहिलं. सहा वर्षं उशिरा. त्याचं उत्तर आलं, ते माझ्यापाशी राहू दे.

दिवाळीआधीच्या शनिवारी आम्ही आठ जण मामांबरोबर गेलो होतो. वनरक्षकांना विचारून, झाडाला हात न लावता. दरडीला वळसा घालून मामांनी सोंडेवरून दाखवलेली वाट धरली, कारवी बाजूला केली, दोन ठिकाणी पाणी बाजूला काढायला दगड तिरपे लावले. ते पावसाळ्यात टिकतात का, बघायचंय. जुनी फाइल जिथे जिथे सापडली तिथे कॉमेंट टाकत सुटलेय. नवा ट्रॅक टाकलाय, त्यात मामांच्या घराची खूण आहे आणि नावातच तारीख आहे. पुढच्या वर्षी जूनआधी तो आपोआप बंद होईल, दसऱ्यानंतर आम्ही पुन्हा जाऊन आलो तरच उघडेल.

बरं, आई ऐकत असशील तर: पन्हळ या रविवारी करते.